मल्लय्याची वही आणि माझं रजिस्टर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. आधी नोकरी होती म्हणून, मग पेन्शनचे कागद अडकतील म्हणून, आणि कसलंच कारण उरलं नाही तेव्हा हात दुखतो म्हणून. मल्लय्याबद्दल कुणी विचारलं की मी त्याच्या गमती सांगायचो. त्याच्या गमती पुष्कळ आहेत आणि मला त्या रंगवून सांगता येतात. लोक हसायचे, विषय संपायचा. आजही गमती सांगणार आहे, पण तिथंच थांबणार नाही.

मल्लय्या सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, रागावला की दोन्ही. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात काढल्यामुळं तो कुणाशीही बोलताना पलीकडच्या शेडमधल्या माणसाशी बोलावं तसा बोलायचा. बुटका, केस पांढरे, मनगटं मात्र सुताराची असावीत तशी.

मी त्या वेळी उजनीच्या फुगवट्यावर नोकरीला होतो. धरणाच्या मागं मैलोगणती पाणी पसरलेलं असतं, त्याच्या काठच्या एका चौकीत. काठावर जुन्या पुलाच्या खांबावर रंगानं आकडे घातलेली मोजपट्टी होती. रोज सकाळी तिच्यावर पाण्याची पातळी बघायची आणि रजिस्टरात लिहायची, हे माझं मुख्य काम. हिवाळ्यात कालव्यांना पाणी सुटतं तसा फुगवटा मागं सरतो आणि गाळाची जमीन उघडी पडते. एका हंगामापुरती ती जमीन आमचं खातं पेरायला देतं. त्याला गाळपेर म्हणतात. पहिला मान धरणात ज्यांची जमीन बुडाली त्यांचा. कोणती जमीन कधी उघडी पडली हे माझ्या रजिस्टरावरून ठरायचं. त्यामुळं गावात मला भाऊसाहेब म्हणून मान होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिल्यांदा दिसला तेव्हा मल्लय्या गुडघाभर पाण्यात उभा होता. डोक्याला टॉवेल, तोंडात पुटपुटणं, आणि हातात सुताची एक लडी. थोड्या थोड्या वेळानं तो सुताला गाठ मारत होता. मला वाटलं, कसला तरी नवस असेल.

"काय चाललंय ओ?" मी विचारलं.

त्यानं हात वर केला. थांबा. मी थांबलो. बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली.

"अठरा," तो ओरडला. "तुमी आनखी बोलला असता तर सतरा झाले असते."

मी त्याच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. पाण्यात एक लांबट उंचवटा होता. धरणाआधी तिथं गाव होतं, त्याच्या गावठाणाचा. त्यावर वर काळे, खाली पांढरे, नारिंगी चोचीचे पक्षी बसले होते, सगळे वाऱ्याकडं तोंड करून, एका रांगेत. तेवढ्यात एक उठला आणि पाण्याला चिकटून सरळ उडत गेला. त्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब, ती पाण्यात बुडवून तो रेघ ओढत गेला. मासा लागला की मिटायची.

"बघितलं? धोटा हाय धोटा," मल्लय्या म्हणाला. "मागावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धोटा जातो ना, तसा. एवढा सरळ धोटा आमच्या कारखान्यातबी पळत न्हाय."

त्या पक्ष्याचं नाव पाणचिरा. ते त्याला नंतर पुण्याहून फोटो काढायला आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं. जगात आता थोडेच उरलेत, हेही त्यानंच सांगितलं. हिवाळ्याला येतात, उन्हाळा लागायच्या आत उत्तरेकडच्या नद्यांच्या वाळूवर अंडी घालायला निघून जातात. मल्लय्यानं ते ऐकून घेतलं आणि फक्त एवढं विचारलं, "थोडे म्हंजे किती? मोजलेत का कुनी?"

मोजणं हा त्याचा धर्म होता. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी धरून टेंभुर्णी, तिथून वडापची जीप, मग दोन मैल पायी. मोजून होईपर्यंत खायचा नाही. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, आणि दोन्ही जमलं नाही तर तिसऱ्यांदा. मोजायचा तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू, आणि आकडा सांगायचा मराठीत. प्रत्येक पक्ष्याला एक गाठ. मग चौकीच्या ओट्यावर बसून गाठी परत मोजायच्या, वहीत तारीख, वेळ, वारा, आकडा लिहायचा, आणि तेव्हा कुठं डबा उघडायचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चहा माझा.

"एवढं कशाला? अठरा काय आणि सतरा काय," मी एकदा म्हणालो.

"भाऊसाहेब, एक धागा सुटला की आख्खं थान सेकंडात जातंय. गिऱ्हाइकाला दिसत न्हाय. पन मला म्हाईत असतंय की."

सेकंडातले, म्हणजे विणीत चूक राहिलेले टॉवेल तो पिशवी भरून आणायचा आणि कोळ्यांना वाटायचा. त्या बदल्यात त्यांनी उंचवट्याच्या बाजूला जाळी टाकायची नाहीत. दोन हिवाळ्यांत काठावरच्या प्रत्येक डोक्याला एका बाजूला गेलेल्या काठाचा टॉवेल दिसू लागला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "आमच्या गावात सरळ काठाचा मानूस परगावचा समजायचा," असं एक कोळी म्हणायचा.

उंचवट्याची गोष्ट अशी होती, की तो चारी बाजूंनी पाण्यात असेल तरच पक्षी बसायचे. पाणी आणखी उतरलं की एका बाजूनं तो काठाला जोडला जायचा. मग कुत्री जायची, म्हशी जायच्या, गाळपेर करणाऱ्याचा ट्रॅक्टर जायचा, आणि पाणचिरे उठायचे ते परत यायचे नाहीत. मल्लय्यानं ठरवलं, तो उंचवटा गाळपेरीतून वगळायला लावायचा. सगळी जमीन नको, तेवढाच. त्यानं अर्ज केला. अक्षर सुंदर होतं त्याचं. सोबत दोन हिवाळ्यांच्या वहीची नक्कल जोडली. कोणत्या दिवशी किती, सगळं.

आता माझा भाग.

त्याच हिवाळ्यात, अर्ज जायच्या आधी, सोलापुरात माझ्या घराचा स्लॅब टाकायचा होता. बारा दिवस मी चौकीला कुलूप लावून गेलो. जाण्याआधी रजिस्टरात बारा दिवसांच्या पातळ्या लिहून ठेवल्या. आमच्याकडं हे नवीन नव्हतं. पाणी रोज साधारण सारखंच उतरतं, हाताला अंदाज असतो, पुढचा आठवडा आधीच भरून टाकायचा. मीही तेच करत आलो होतो आणि कधी चुकलो नव्हतो. त्या बारा दिवसांत मात्र कालव्याला जादा आवर्तन सुटलं. पाणी झपाट्यानं उतरलं. उंचवटा माझ्या अंदाजापेक्षा आठवडाभर आधी उघडा पडला आणि पाणचिरे त्यावर येऊन बसले. मल्लय्यानं त्या आठवड्यात दोन दिवसांची रजा काढली आणि दोनदा मोजले. एकोणीस आणि बावीस. चौकीचं कुलूप बघून त्याला वाटलं, मी पहाटेच पट्टी बघून गावात गेलो असेन. माझ्या रजिस्टरात त्या दोन्ही दिवशी उंचवटा पाण्याखाली होता.

मी परत आलो तेव्हा फरक दिसला. पुढचे आकडे हळूहळू खाली आणत मी तो मिटवून टाकला. मागचे तसेच ठेवले.

अर्जावर तालुक्याला बैठक झाली. साहेब नवीन होते, वाईट नव्हते. त्यांनी मल्लय्याची वही आणि माझं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं आणि तारखा ताडल्या. खरं तर त्यांनी काम नीट केलं.

"या दोन दिवशी तुम्ही पक्षी बसलेले पाहिले?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. एकोनीस, आन् मग बावीस."

"कशावर बसले होते?"

"उंचवट्यावर."

"उंचवटा हातभर पाण्याखाली होता. मग काय पोहत होते?"

खोलीत हशा झाला. मल्लय्यानं खिशातून सुताची लडी काढून टेबलावर ठेवली. "गाठी मोजा साहेब." आणखी हशा झाला. एक कारकून म्हणाला, "करगोट्याचा पुरावा आणलाय." साहेबांनी हसू आवरलं आणि माझ्याकडं वळले. "भाऊसाहेब, पातळी तुम्ही स्वतः घेतलीत?"

मी म्हणालो, "हो."

एक शब्द. धरणाच्या भिंतीवर वेगळी पातळी लिहिली जाते. तिथं एक फोन केला असता तर पाच मिनिटांत खरं कळलं असतं. ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मल्लय्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. तो ओरडला नाही. पहिल्यांदाच मी त्याचा आवाज हळू झालेला ऐकला. "भाऊसाहेब म्हनत्यात म्हंजे तसंच असंल," तो म्हणाला आणि लडी उचलून खिशात घातली. अर्ज निकाली निघाला. शेऱ्यात लिहिलं गेलं, की अर्जदाराच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.

पुढच्या सुट्टीला तो आला. नेहमीच्याच एसटीनं. डोळ्यांवर नवा चष्मा होता.

"डाक्टर म्हनला नंबर जुनाच हाय," त्यानं सांगितलं. "मी म्हनलं, तरी द्या नवीन. एकदा चूक झाली ना."

मी चहा ठेवायला आत गेलो. स्टोव्ह पेटायला त्या दिवशी फार वेळ लागला, असं मी त्याला सांगितलं.

त्या दिवसापासून त्याच्या वहीत प्रत्येक आकड्यापुढं एक शब्द येऊ लागला. चौदा, बहुतेक. वीस, बहुतेक. जो माणूस सुताच्या एका तारेसाठी थान बाजूला काढायचा, तो आपल्याच डोळ्यांपुढं बहुतेक लिहू लागला. मी ते ओट्यावर शेजारी बसून वाचत होतो.

पण उंचवटा त्यानं सोडला नाही. ही त्याची खरी जात. कागदावर हरला तर तो माणसांकडं गेला.

उंचवट्याची गाळपेर पुढच्या हंगामासाठी प्रयागबाईच्या नावावर लागली. तिचं सासर त्याच बुडालेल्या गावठाणातलं. नवरा गेलेला, तीन म्हशी, आणि तोंड असं, की सरपंच तिच्या दारावरून जाताना मोबाईल कानाला लावायचा. मल्लय्या तिच्याकडं गेला तेव्हा मला सोबत घेऊन गेला, सरकारी माणूस बरा म्हणून.

"बाई, वरचा माथा तेवढा पेरू नका," तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला.

"मी भैरी न्हाय," प्रयागबाई म्हणाली. "का नगं पेरू?"

"पाखरं बसत्यात."

"आन् म्हशी काय पाखरांची पिसं खात्यात व्हय? मका न्हाय लावला तर वैरन कुटनं आनू?"

"उताराला लावा की. या अंगाला. गाळ लई चांगलाय. माथ्यावर नुसती खापरं आन् दगडं, तिथं मका गुडघ्याएवढाबी व्हनार न्हाय."

"ते मला सांगतोस? माझ्या सासूची चूल हाय तितं." ती थोडा वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "कवापतूर बसत्यात?"

"माघ सरेपर्यंत. फाल्गुन लागला की जात्यात."

"पावनं म्हनून यायचं आन् येळंवर जायाचं. आमच्या पावन्यांपरास बरी हायती." ती हसली. "माथा सोडते. पन कुत्री तुज्या टावेलाला भ्यायची न्हाईत."

त्यावर मल्लय्याकडं उपाय तयार होता. उंचवटा काठाला जिथं जोडला जातो, तिथं जमीन अरुंद होती. तिथं आडवा चर खणला, तर पाणी उतरलं तरी आणखी काही आठवडे चरात राहील आणि उंचवटा बेटच राहील. त्यानं ते मागाच्या सुट्या भागांनी ओट्यावर मांडून दाखवलं होतं. पाणी पुरतं चढायच्या आत, पावसाळ्याच्या तोंडाशी खणायला लागायचं. चार सुट्ट्या लागल्या. कोळी आले, दोन दिवस मीही खोरं धरलं. प्रयागबाई भाकरी घेऊन यायची आणि काठावर बसून आम्हाला नावं ठेवायची.

"टावेल इननाऱ्याला खोरं धरता येत न्हाय. आसं धर. आसं! सुईनं खनतूयस व्हय?"

मल्लय्या पलीकडं होता तेव्हा ती माझ्याकडं वळली. आवाज तिनं खाली आणला, आणि मला कळलं की आता थट्टा नाही.

"भाऊसाहेब, बैठकीचं कानावर आलं माझ्या. त्या आठवड्यात चौकीला कुलूप हुतं की. मी रोज म्हशी घिऊन जात हुते. पट्टी काय आपली आपन चालत रजिस्टरात गेली?"

मी खोरं चालवत राहिलो.

"मी कुनाला बोलले न्हाय," ती म्हणाली. "तुमी बोलाल म्हनून थांबलीय."

पुढं आलेल्या हिवाळ्यात चरानं आपलं काम केलं. पाणी उतरलं, चर भरलेला राहिला, उंचवटा माघ सरेपर्यंत बेट राहिला. प्रयागबाईचा मका उताराला माणसाएवढा झाला आणि माथ्यावर पाणचिरे वाऱ्याकडं तोंड करून बसले. पुढं गाळपेर दुसऱ्याकडं गेली, तिसऱ्याकडं गेली. माथा सोडायचा हा रिवाज झाला. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी गावातली माणसं चर साफ करतात. कागदावर त्या जागेला काहीही संरक्षण नाही. अर्जदाराच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, हाच शेरा अजून फाइलीत आहे. पण पक्षी आहेत. हे मल्लय्यानं केलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ते माझ्याशिवाय झालं असं म्हणणंही कमी पडेल. ते मला ओलांडून झालं.

मी निवृत्त होऊन सोलापुरात आलो. प्रयागबाई दोन वर्षांनी गेली. मी बोलेन म्हणून ती थांबलेलीच गेली. मल्लय्याचं घर माझ्या घरापासून सायकलवर वीस मिनिटं. मी किती वेळा गेलो? संक्रांतीला तिळगूळ द्यायला एकदा, त्याच्या नातीच्या लग्नाला एकदा. दोन्ही वेळा घरात माणसं होती, आणि मी मनात म्हणालो, माणसांत नको.

गेल्या हिवाळ्यात त्यानंच निरोप पाठवला. येता का, एकदा जाऊन येऊ. त्याला आता जॉबरकी होत नव्हती, गुडघे गेले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. आम्ही दोघं म्हातारे पहाटेच्या एसटीनं निघालो. टेंभुर्णीला वडापवाल्यानं त्याला ओळखलं आणि पुढं बसवलं. काठावर एका कोळ्यानं खुर्ची आणून दिली. त्या कोळ्याच्या डोक्याला कुठलाच टॉवेल नव्हता, टोपी होती. मल्लय्याला त्याचा जरा राग आला.

उंचवट्यावर पाणचिरे होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं लडी माझ्या हातात दिली.

"मला पुसट दिसतंय. तुमी मोजा. तुमचा आकडा पक्का असतोय."

मी मोजले. डावीकडून, मग उजवीकडून. सव्वीस. परत मोजले. सव्वीस. त्यानं वही काढली, तारीख लिहिली, वारा लिहिला, सव्वीस लिहिलं. पुढं पेन टेकवलं, थांबला, आणि बहुतेक न लिहिता पूर्णविराम दिला.

"भाऊसाहेबांनी मोजले," त्यानं खाली लिहिलं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी होतो. खिडकी त्यानं मला दिली. टेंभुर्णी ते सोलापूर, दीड-पावणेदोन तास. मी मनात वाक्य जुळवलं. मोडनिंब गेलं तेव्हा तोंड उघडलं तर कंडक्टर तिकिटाला आला. मोहोळच्या पुढं उघडलं तर मल्लय्याचा डोळा लागला होता. सोलापूर जवळ आलं, गाडी हळू झाली, तो जागा झाला आणि मी काही बोलायच्या आत त्यानंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एक सांगू? त्या बैठकीत मी तोंडावर पडलो," तो म्हणाला. गाडीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "चूक माझी हुती. दुसरा कुनी सरकारी मानूस असता तर परत चौकीच्या पायरीवर उभं केलं नसतं. तुमी चा पाजत राहिलात. ते मी इसरलो न्हाय."

मी खिडकीबाहेर बघितलं. स्टँड आलं. त्याला उतरायला हात दिला, रिक्षात बसवलं. रिक्षा वळेपर्यंत तो मान काढून ओरडत होता, "पुढच्या हिवाळ्यात परत!"

चैत्रात तो गेला. मला दोन दिवसांनी कळलं.

मल्लय्या, त्या दोन दिवशी तुम्ही चुकला नव्हता. पहिल्या दिवशी एकोणीस होते आणि दुसऱ्या दिवशी बावीस होते. पातळी मी घेतली नव्हती, मी इथं सोलापुरात होतो. तुमचे डोळे चांगले होते. मला माफ करा.